बेल्ह्याच्या रस्त्याने जाणारा पाहुणा थांबणार कधी?

सुट्टी आली की मुंबई-ठाण्याचा माणूस समुद्राकडे धावतो. अलिबाग, मुरूड, हर्णे ही त्याची ठरलेली ठिकाणे. किनाऱ्यावरच्या लोकांनी या पाहुण्याचा धंदा कसा बांधला, ते आमच्या व्यापारी बांधवांनी जरा पाहावे. जंजिरा बघायला राजपुरीच्या धक्क्यावर आलेला माणूस होडीवाल्याला पैसे देतो, किल्ल्याची माहिती सांगणाऱ्याला देतो, परतल्यावर शहाळे पितो, कुणाच्या तरी घरगुती खाणावळीत मासळीचे ताट जेवतो आणि जमले तर रात्रीची खोलीही घेतो. एका माणसाचा पैसा चार-पाच घरांत जातो. किल्ला एकच, पण त्यावर चुली अनेक पेटतात.

आता जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या बेल्ह्याकडे या. कल्याण-अहिल्यानगर महामार्ग इथून जातो. पुणे-नाशिक रस्ता त्याला आळेफाट्यावर छेदतो. गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू असते. पण गाडीवाला काय करतो? चहा पितो, टायरची हवा तपासतो आणि पुढे जातो. आमचा सवाल एवढाच, की हा माणूस एक रात्र इथे का राहत नाही? बघण्यासारखे काही नाही म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही.

बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार दूरवर ठाऊक आहे. दोन दाती, चार दाती बैलांची पारख, शिंगे-खुरे तपासणारे शेतकरी, आणि बैलबाजारातली रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत, हे शहरातल्या मुलांनी कधी पाहिलेले नसते. गावापासून आणे घाटाकडे निघाले की गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल लागतो. ओढ्याच्या पाण्याने काळा खडक पोखरून घडवलेली ही कमान पाहायला भूगर्भशास्त्राचे अभ्यासक येतात. पलीकडे आणे गावात पौष महिन्यात रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. अलीकडे आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे मानतात, त्या रेड्याची समाधी आहे. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे एरवी परवानगी काढूनच जावे लागते, पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनाला शाळांच्या सहली लोटतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत.

जुन्नर शहराकडे वळले तर शिवनेरी आहेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. त्याच गडावर कमानी मशीद आहे. १४९० मध्ये अहमद निजामशाह स्वतंत्र झाला तेव्हा त्याची पहिली राजधानी जुन्नर होती. शहराजवळचा सौदागर गुंबज तर नावानेच व्यापाऱ्याचा आहे. पण अष्टविनायकाच्या गाड्या लेण्याद्री आणि ओझर करून निघून जातात, आणि त्या गुंबजाकडे कुणी फिरकत नाही.

या मुलखाला पाहुणा नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत होता. इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींची नावे आहेत, दान देणाऱ्या यवनांचीही आहेत. समुद्रावरचा पैसा घाट चढून येत होता आणि इथे थांबत होता. आज तो नुसता रस्त्याने पुढे जातो.

हा केवळ हौसेचा विषय नाही. आणे पठार कमी पावसाचे. शेतीला जोड नसेल तर पोरे मुंबई-पुण्याची वाट धरतात. बैलाच्या धंद्याचे गणितही बदलले आहे. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हातारा बैल विकण्याची वाट बंद झाली. उलट डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यावर शर्यतीच्या बैलाला पुन्हा मागणी आली. एकाच धंद्यावर विसंबणे आता परवडणारे नाही.

शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले. पण जाहीर झाल्याने खाटा आणि स्वच्छतागृहे तयार होत नाहीत. ग्रामपंचायतीने बाजारतळाजवळ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि गुळुंचवाडीचा रस्ता दाखवणारी ठळक पाटी एवढे तरी करावे. बाकीचे काम आमच्या बांधवांचे आहे. ज्याच्या घरात एक-दोन खोल्या रिकाम्या आहेत त्याने त्या नीट कराव्यात. दराची पाटी लावावी आणि माणूस बघून भाव बदलू नये. जेवणात या भागाची मासवडी असावी, बाजरीची भाकरी असावी, मटण हवे त्याला मटण मिळावे. ज्यांच्या जीपगाड्या उभ्या असतात त्यांनी रविवार दुपारपासून सोमवार दुपारपर्यंतची फेरी आखावी: रविवारी पूल आणि घाट, रात्री मुक्काम, सकाळी बैलबाजार. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधार पडल्यावर पाहुण्यांना पायी हिंडवू नये, हेही सांगून ठेवतो.

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागते ती साफसफाई, खरे बोलणे आणि दिलेला शब्द पाळणे. कोकणातल्या होडीवाल्याला जे जमले ते बेल्ह्याच्या दुकानदाराला जमणार नाही, असे आम्ही मानत नाही. चार घरांनी मिळून येत्या हंगामात सुरुवात करावी. पहिला पाहुणा समाधानाने परतला तर दुसऱ्याला तोच घेऊन येईल.