आकाशांतील ऊ

वाहनास नांव द्यावयाचें झालें म्हणजे मनुष्यास गरुड, हंस, अश्व असे थोर प्राणी आठवतात. फ्रान्समधील आंरी मिन्ये ह्या गृहस्थानें मात्र आपल्या विमानास ‘आकाशांतील ऊ’ असें नांव दिलें. इंग्रजांस तें किळसवाणें वाटलें कीं काय न कळे, त्यांनीं उवेची पिसू केली! आमच्या घरांतील स्त्रीवर्गास दोन्ही प्राणी सारखेच अप्रिय. परंतु ज्या घरांतील एखादा तरुण उड्डाणाच्या छंदास लागला आहे, तेथील वडील माणसांनीं ह्या उवेचा इतिहास अवश्य ऐकावा.

मिन्ये हा मूळचा रेडिओच्या विद्येंतला. विमानविद्या तो आपली आपणच शिकला. नेहमींच्या विमानांत हात व पाय ह्यांनीं एकाच वेळीं निरनिराळीं कामें करावीं लागतात. तें त्यास नीट साधेना, म्हणून त्यानें पायांचें काम काढूनच टाकलें. पुढें एक पंख, त्याच्या मागें किंचित् खालीं दुसरा, आणि हातांत एकच दांडा. दांडा पुढेंमागें केला कीं पुढचा सबंध पंख कलावा, बाजूस केला कीं शेपटीचें सुकाणूं वळावें. पंखांचा विस्तार सुमारें २० फूट, लांबी सुमारें १२ फूट, वजन अदमासें १०० किलो, आणि मोटारसायकलीचें १७ अश्वशक्तीचें इंजिन. १९३३ च्या सप्टेंबरांत सोआसाँ गांवाजवळ हें यंत्र उडालें. पुढील वर्षीं त्यानें पुस्तक छापून सर्व कृति आकृत्यांसह लोकांपुढें ठेविली. ज्यास लांकडी खोकें ठोकतां येतें त्यास हें विमानहि बांधतां येईल, असा त्याचा भरंवसा होता. फ्रान्स व इंग्लंड येथें शेंकडों हौशी लोक कामास लागले.

त्यांस वेडे म्हणणें सोपें आहे. मला तसें म्हणवत नाहीं. तोंपर्यंत विमान म्हणजे लष्कराची, नाहीं तर धनिकाची वस्तु. आतां एखाद्या कारकुनानें आपल्या पडवींत तें बांधावें, आपणच कापड चढविलेला पंख माथ्यावर असावा, उघडा वारा तोंडावर यावा आणि भूमि पायांखालून हलकेच सुटावी! ह्या आनंदाची गोडी ज्यास कळत नाहीं, त्यानें लहानपणीं पतंग उडविला नसावा. १९३५ च्या ऑगस्टांत मिन्ये स्वतः ह्याच विमानांतून खाडी ओलांडून इंग्लंडांत उतरला, तेव्हां ह्या उत्साहास भरतें आलें.

पण माणसें मरूं लागलीं. विमान नाक खालीं करी आणि तसेंच भूमीवर येई. प्रथम दोष बांधणाऱ्यांच्या माथीं गेला: सरस कच्चा, इंजिन भलतेंच, वजनाचा तोल चुकलेला. त्यांत तथ्यहि होतें. परंतु १९३६ सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथें व फ्रान्सांत शाले-म्यूदों येथें पूर्ण आकाराचें विमानच वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून तपासण्यांत आलें, तेव्हां खरें कारण कळलें. नाक फार खालीं गेलें कीं चालक साहजिकच दांडा आपल्याकडे ओढी. त्यामुळें पुढच्या पंखाची मागील कड खालीं येऊन दोन पंखांमधील फट अरुंद होई. चिंचोळ्या बोळांतून वारा जसा जोरानें सुटतो तसा तो त्या फटींतून मागच्या पंखावर सुटे. मागचा पंख अधिक उचलला जाई, आणि नाक आणखीच खालीं! सुरगांठ सोडावी म्हणून टोक ओढावें आणि तिची निरगांठ होऊन बसावी, तशी गत. इंग्लंडांत मूळ रचनेचें उड्डाण बंद पडलें.

मिन्ये लबाड नव्हता. त्याचें विमान त्यास सुखरूप घरीं आणीत होतें, आणि तेंच त्यास प्रमाण वाटलें. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर दृष्टांत हातीं लागला होता, व्याप्ति सिद्ध झाली नव्हती. पुढें त्यानें पंखांची मांडणी सुधारली; त्या वंशांतील विमानें फ्रान्सांत हौशी लोक आजहि उडवितात.

उवेहूनहि लहान यंत्रें पुढें झालीं. मिशेल कोलोंबां ह्या फ्रेंच अभियंत्याचें ‘क्रिक्री’ १९७३ सालीं उडालें. पंख जेमतेम १६ फूट, वजन ८० किलोच्या आंत, आणि इंजिनें मात्र दोन. अलीकडे अनेक लहान विमानांस सबंध विमानच तोलून धरणारी हवाई छत्री बसवितात. ही सोय फार मोलाची. परंतु छत्री उघडून फुलावयास कांहीं उंची लागते, आणि विमान भूमीपासून नुकतें सुटलें असेल तर तेवढी उंची हातीं नसते. म्हणून घरच्या मुलानें असल्या विमानाची गोष्ट काढली तर छत्री आहे ना, एवढेंच विचारून थांबूं नये. त्या जातीचें विमान कोणीं व कोठें तपासलें आहे, इंजिन मूळ आराखड्यांतलेंच आहे काय, आणि चालक बसल्यावर तोल कोठें येतो हें काट्यावर घालून पाहिलें आहे काय, हेंहि विचारावें. मुलगा खरा छांदिष्ट असेल तर ह्या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. उलट कागद-पेन्सिल घेऊन आजोबांपुढें आकृत्या काढावयास बसेल.