स्वमग्न नातवंड आणि आजी-आजोबांचा वाटा



“मुलगे जरा उशिराच बोलतात. याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलू लागले होते. उगाच डॉक्टरांच्या मागे लागू नका.” आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे उद्गार कधी ना कधी ऐकू आले असतील. त्यांमागे माया असते, अनुभव असतो आणि तरुण आईवडिलांची काळजी हलकी करण्याची इच्छाही असते. तथापि काही मुलांच्या बाबतीत हा धीर फार महाग पडतो. स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची, लक्षणे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात आणि मेंदूची जडणघडण अत्यंत वेगाने होते तीही याच काळात. घरातील ज्येष्ठ ‘थांबा’ म्हणतात की ‘दाखवून या’ म्हणतात, यावर बालकाची मोलाची एक-दोन वर्षे अवलंबून असू शकतात.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे, वेडही नव्हे. ती मेंदूच्या विकासाची एक वेगळी घडण आहे. इतरांशी संवाद साधणे, चेहऱ्यावरील भाव ओळखणे, आवाज, स्पर्श, प्रकाश यांना प्रतिसाद देणे या गोष्टी अशा मुलांमध्ये वेगळ्या रीतीने घडतात. कुणी मूल अजिबात बोलत नाही, तर कुणी रेल्वेचे वेळापत्रक मुखोद्गत म्हणून दाखवते, पण ‘तुला भूक लागली का?’ याचे उत्तर देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात साधारणपणे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे. मुलींमधील लक्षणे अनेकदा ‘लाजाळू स्वभाव’ म्हणून दुर्लक्षित राहतात.

दिवसाचा बराच काळ नातवंडाच्या सहवासात आपणच असता. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का? हवी असलेली वस्तू बोटाने दाखवते का? सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य येते का? खेळण्यातील गाडी चालवण्याऐवजी तासन्‌तास केवळ तिचे चाकच फिरवत बसते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आलेले शब्द नाहीसे झाले आहेत का? यांपैकी एखादी खूण म्हणजे निदान नव्हे, परंतु तपासणीसाठी ती पुरेसे कारण आहे. प्रथम श्रवणशक्तीची चाचणी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत. तेथे अशा बालकांची तपासणी विनाशुल्क होते. जिभेला वेखंड लावणे, दृष्ट काढणे यांत जाणारे महिने परत मिळत नाहीत.

दोष कुणाचाच नाही

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरची अनेक वर्षे ‘आईच्या मायेतील थंडपणामुळे मूल असे होते’ हा समज पाश्चात्त्य वैद्यकातही रूढ होता आणि असंख्य मातांनी त्याचा जाच सोसला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात हा समज खोडून काढला आणि कारणे शारीरिक असल्याचे प्रतिपादन केले. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट झाला. लसीकरणाशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंधही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आपल्याकडे मात्र तो जुना समज निराळ्या शब्दांत अजून जिवंत आहे. ‘सून नोकरी करते म्हणून’, ‘गरोदरपणी पथ्य पाळले नाही म्हणून’, ‘आमच्या घराण्यात असे कुणी नव्हते’ ही वाक्ये ज्या मातेला ऐकावी लागतात, ती आधीच रात्र-रात्र जागलेली असते. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तिला सल्ल्यापेक्षा ‘यात तुझा काही दोष नाही, आम्ही तुझ्यासोबत आहोत’ एवढे ऐकण्याची अधिक गरज असते. आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांनी हे चारचौघांत म्हटले, तर नातेवाइकांची तोंडे आपोआप बंद होतात. हे काम आईवडिलांना स्वतः करता येत नाही, ते आपल्यालाच करता येते.

घरातील वागणूक

स्वमग्न मुलाला ठरलेला क्रम सुरक्षित वाटतो. आपला सकाळचा चहा, पूजा, सायंकाळचा फेरफटका हेही ठरलेल्या वेळी होत असतात. या दिनक्रमात नातवंडाला सामावून घ्यावे. रोज त्याच वेळी फुले वेचणे, ताटे मांडणे, वाटाणे सोलणे यांतून ते पुष्कळ शिकते. बोलताना वाक्ये छोटी असावीत. एक प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून उत्तराची वाट पाहावी. ‘माझ्याकडे बघ’ म्हणून हनुवटी धरू नये, कारण नजर न मिळवताही ते ऐकत असते.

कुकरची शिट्टी, मिक्सर, मिरवणुकीतील ढोल-ताशे, फटाके हे आवाज काही मुलांना अक्षरशः वेदनादायक वाटतात. शक्य तेव्हा आधी सूचना द्यावी. गौरी-गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेले असताना एक शांत खोली त्याच्यासाठी राखून ठेवावी. सर्वांच्या पाया पडण्याची सक्ती करू नये, दुरून हात जोडलेले चालतात. मूल अनावर होऊन किंचाळू लागले, जमिनीवर लोळू लागले, तर तो प्रत्येक वेळी हट्ट असतो असे नाही. अनेकदा मेंदूला सोसवेनासे झाल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी रागावणे, समजावणे दोन्ही थांबवावे. गर्दी आणि आवाज कमी करावा, त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे आणि जवळ शांत बसून राहावे.

आईवडिलांना आठवड्यातून दोन-तीन तासांची मोकळीक देता आली, तर तीही मोठी मदत ठरते. घरात दुसरे नातवंड असल्यास त्याच्या वाट्याचे कौतुकही आपल्याकडून व्हावे. तथापि आपली पाठ, गुडघे, रक्तदाब सांभाळूनच जबाबदारी घ्यावी. झेपत नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

उपचार आणि उद्याची तरतूद

वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण यांनी मुलाची संवादक्षमता व स्वावलंबन वाढते. त्यांना वेळ लागतो आणि सातत्य लागते. ‘पूर्ण बरे करून देतो’ अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. मूळ पेशींचे इंजेक्शन हा स्वमग्नतेवरील प्रमाणित उपचार नाही. त्यापायी आयुष्याची पुंजी मोडू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट असलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा अंतर्भाव आहे. म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आवश्यक असल्यास याच कायद्याखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. या समितीत जिल्हाधिकारी असतात.

‘आमच्यानंतर याचे कसे होणार?’ हा प्रश्न आईवडील क्वचितच मोठ्याने विचारतात, परंतु तो त्यांच्या उशाशी सदैव असतो. आपण मृत्युपत्र करणार असाल, तर या नातवंडाचा वाटा थेट नावावर करावा की विश्वस्तांमार्फत त्याच्या उपयोगी पडेल अशी व्यवस्था करावी, हे वकिलांना अवश्य विचारावे. त्यासोबत एक वहीही करावी. त्याला कोणता पदार्थ चालतो, कशाची भीती वाटते, कोणत्या आवाजाने ते अस्वस्थ होते, काय केल्यावर ते शांत होते, हे सारे तीत लिहून ठेवावे. उद्या त्याचा सांभाळ करणाऱ्याला त्या वहीचा फार मोठा आधार होईल.