मनोरा खेळण्यासारखा का दिसतो?

संगणकाने काढलेल्या चित्रातला 70 मीटर उंच मनोरा पुष्कळदा खेळण्यासारखा दिसतो. माझ्या मते दोष सावलीचा असतो. शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली पाहा: पायथ्याशी रेखीव, शेंड्याकडे पुसट. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. त्यामुळे 50 मीटर दूरच्या कडेची उपच्छाया निदान 45 सेंटिमीटर रुंद पडते! चित्रकार मात्र बिंदूवत दिवा लावून मोकळा होतो; सगळ्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या. मग डोळा फसेल कसा? वर 'वातावरण' म्हणून पांढरे धुके फासतात, ते निराळेच. स्वच्छ हवेत दूरच्या टेकड्या निळसर दिसतात, कारण हवा निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरते.