आकडा कोणी पाहावा?

कार्यालयात संगणक आला तेव्हा त्याच्याविषयीची चर्चा नोकऱ्या राहतील की जातील, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. ती अनाठायी होती असे नाही. परंतु तिच्या गदारोळात दुसरा एक प्रश्न मागे पडला आणि तो अद्यापही मागेच आहे. पूर्वी खतावणी कपाटात असे, कपाटाला कुलूप असे आणि किल्ली कोणाकडे आहे हे साऱ्या कचेरीला ठाऊक असे. आज बँक, कारखाना, विमा कंपनी, फार काय विद्यापीठाचा परीक्षा विभागसुद्धा आपली माहिती एकाच भांडारात साठवितो आणि हवा तो अहवाल क्षणार्धात काढून देणारे सॉफ्टवेअर वापरतो. भांडार एक आणि पाहणारे शेकडो. त्यांपैकी कोणाला किती दिसावे, हे ठरवितो कोण?

यामागील तांत्रिक व्यवस्था फारशी गूढ नाही. अहवाल मागणाऱ्याची ओळख पटवावयाची, त्याचे काम पाहावयाचे आणि त्या कामाला लागतील तेवढ्याच ओळी व तेवढेच रकाने त्याच्यापुढे ठेवावयाचे. सातारा शाखेतील कारकुनाला साताऱ्याची खाती दिसावीत, कोल्हापूरची नव्हेत. वेतनपत्रक करणाऱ्याला वेतनाचा रकाना दिसावा, वैद्यकीय रजेचे कारण नव्हे. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्येच स्पष्टपणे मांडले होते.

प्रत्यक्षात मात्र हे अधिकार कामाप्रमाणे न वाटता हुद्द्याप्रमाणे वाटले जातात. साहेबाला सर्व काही दिसलेच पाहिजे. न दिसणे हा त्याला अपमान वाटतो. कर्ज विभागातून ठेव विभागात बदली झालेल्याला नवे अधिकार त्वरित मिळतात, जुने काढून घेण्याची आठवण कोणालाही होत नाही. दहा वर्षांत चार टेबले फिरलेल्या माणसाकडे अशा रीतीने चारही टेबलांच्या किल्ल्या साठतात. आणि ज्या वरिष्ठाला सर्व दिसते तो स्वतः अहवाल काढण्याचा कंटाळा करून आपला पासवर्ड हाताखालच्या माणसाला सांगून मोकळा होतो! ज्याची सही त्याची जबाबदारी, हा कचेरीचा जुना नियम तेथेच मोडतो. पुढे चौकशी निघालीच, तर बळी जातो तो ज्या कारकुनाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती त्याचा.

या विषयाची चर्चा बहुधा चोरीच्या भयाने होते. बाहेरचा कोणी माहिती पळवील, अशी ती धास्ती असते. परंतु १७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ च्या फेब्रुवारीत बुडाली, ती बाहेरच्या चोरामुळे नव्हे. सिंगापूरमधील तिचा अधिकारी निक लीसन सौदेही करी आणि त्या सौद्यांचा हिशेब जुळविणारा विभागही त्याच्याच हाती होता. तोटा त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडविला आणि लंडनला जाणाऱ्या अहवालांतून हे खाते वगळले जाईल, अशी व्यवस्था संगणकाच्या जाणकाराकडून करून घेतली. अनामत रकमांविषयीचा एक अहवाल तेवढा त्यातून सुटला होता. तो लंडनमध्ये कोणी लक्षपूर्वक पाहिला नाही. तोटा निघाला ८२ कोटी ७० लाख पौंडांचा, आणि बँक विकली गेली अवघ्या एका पौंडाला. आकडे निर्माण करणारा आणि ते कोणाला दिसावेत हे ठरविणारा एकच असला, म्हणजे अहवाल कितीही नेटका छापलेला असो, त्याला अर्थ उरत नाही.

यातून ‘सर्वांना कमीत कमी दाखवा’ असा सोपा निष्कर्ष काढणेही तितकेच घातक ठरेल. समजा, एका नागरी सहकारी बँकेच्या सहा शाखा आहेत आणि एका अधिकाऱ्याला त्यांपैकी चारच पाहण्याची मुभा आहे. त्याने थकबाकीचा अहवाल काढला तर खाली ‘एकूण’ म्हणून जी बेरीज येईल ती चार शाखांची असेल. पण कागदावर तसे कोठेही लिहिलेले नसेल. सभेत दुसरा अधिकारी तोच अहवाल सहा शाखांचा घेऊन बसेल आणि दोघेही आपापल्या ‘एकूण’साठी तावातावाने भांडतील. सभासदांना यांतला कोणता आकडा सांगितला जाईल? माहिती झाकण्यास हरकत नाही, परंतु झाकली आहे हे झाकता कामा नये. प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर तो किती शाखांचा आणि कोणत्या खात्यांचा, हे छापले गेलेच पाहिजे.

नुसती बेरीज वा सरासरी दाखविली म्हणजे व्यक्तीची माहिती सुरक्षित राहते, हाही एक भ्रमच. ज्या विभागात प्राध्यापक एकच आहे तेथे ‘प्राध्यापकांचे सरासरी वेतन’ म्हणजे त्या गृहस्थाचेच वेतन. १९४८ च्या जनगणना कायद्याने कुटुंबांकडून भरून घेतलेली पत्रके गोपनीय ठरविली आणि तक्ते तेवढे प्रसिद्ध केले. देशाविषयीचे कितीतरी अर्थशास्त्रीय लेखन त्या तक्त्यांवर उभे आहे आणि त्यासाठी कोणाच्या घराची कडी वाजवावी लागलेली नाही. खाजगी कंपन्यांच्या अहवालांत एवढा विवेक क्वचितच दिसतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्यांच्यावर काही बंधने घातली आहेत खरी; परंतु तिजोरीइतकाच जपलेला आकडा एकदा एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घेतला आणि व्हॉट्सॲपवर धाडला, म्हणजे सारी कुलुपे भांडारापाशीच राहतात.

म्हणूनच कोणाला काय दिसावे, हे संगणकाच्या कंत्राटदारावर सोपवून चालणार नाही. ती यादी त्या त्या विभागप्रमुखाने लेखी करावी, कर्मचाऱ्यांना ती वाचता यावी आणि मार्चअखेरीस ताळेबंदाबरोबर तिचीही तपासणी व्हावी. बदली झालेल्याचे जुने अधिकार कार्यमुक्तीच्या आदेशाबरोबरच संपावेत. राहता राहिला हे अधिकार वाटणारा संगणक विभागातील माणूस. त्याला सर्व दिसते आणि त्याने काय पाहिले याची नोंदही बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात असते. ती नोंद त्याच्या हाताबाहेर, हिशेब तपासनिसाकडे असली पाहिजे.