कोठे उतरलात?

परगावी गेलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो "कोठे उतरलात?" हा. मराठीची प्राध्यापकी करता करता ज्या काही शब्दांवर माझा जीव जडला आहे, त्यांत हे 'उतरणे' फार वरचे. गाडीतून खाली यायचे, डोक्यावरचे ओझे खाली ठेवायचे आणि आपल्या गावी आपण जे कोणी असू ते दाराबाहेर ठेवून दुसऱ्याच्या छपराखाली शिरायचे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात आले. वर्गात मी हे मोठ्या रंगात सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आम्ही हल्ली उतरत नाही, चेक-इन करतो!" वर्ग हसला. मीही हसलो. कार्टे खोटे बोलत नव्हते.

मोबाइलवर चित्रे पाहून खोली ठरवायची, गेल्यावर किल्ली घ्यायची, आणि सकाळी जाग आली की आपण नाशिकला आहोत की नागपूरला हे खिडकीचा पडदा सारल्यावर कळायचे! सोय उत्तमच, पण ज्या गावी आपण जातो त्या गावाची रात्र आपल्या वाट्याला येत नाही. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत शहर पाहायला निघालेल्या मंडळींना एका वेगळ्या बिऱ्हाडाची हकीकत सांगावी म्हणतो. ते शहर आहे धाराशिव जिल्ह्यातले तेर.

"तेर आणि शहर?" असे तुम्ही म्हणाल. आमच्या सौ.नेही हेच विचारले. तेरणेच्या काठचे हे गाव आज खेडेच आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते, आणि दक्षिणेतल्या मोठ्या पेठांत त्याची गणना होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची जी माहिती लिहून ठेवली तिच्यात, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, असा उल्लेख येतो. तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून थेट भडोचच्या बंदरात जाई व पुढे पश्चिमेच्या बाजारांत. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे १९०१ साली फ्लीट या विद्वानाने मांडले. पुढे १९५८ साली येथे उत्खननही झाले.

तगरची श्रीमंती पाहायची तर गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जावे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या टेकाडांवरून वस्तू वेचून जमविलेला हा संग्रह आज सरकारी संग्रहालय झाला आहे. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, दिवे असे किती पाहावे! त्यातच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची दुसरी मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीने इ. स. ७९ मध्ये गाडलेल्या एका घरात, १९३८ साली सापडली. म्हणजे हस्तिदंताची एक बाई तेरणेकाठी राहिली आणि तिची बहीण समुद्रापलीकडे नांदायला गेली. "तिला तिकडे कोणी उतरवून घेतले असेल?" असे आमच्या कन्येने विचारले. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण प्रश्न शोभेसा होता.

गेल्या चैत्रात, गोरोबाकाकांच्या यात्रेआधी आठ दिवस, आम्ही चौघे निघालो. चौथी होती आमच्या मुलीची कॉलेजातली मैत्रीण. बार्शी लाइटची अरुंद गाडी १८९७ पासून या मुलुखात हळूहळू पसरली होती. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि धाराशिवपर्यंत रेल्वेने सुखाने जाता येते. पुढे रस्त्याने जायचे. बहुतेक प्रवासी संग्रहालय पाहतात, विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर पाहतात, गोरोबांच्या समाधीला हात जोडतात आणि दिवस मावळायच्या आत धाराशिवला परततात. आम्ही मात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी उतरणार होतो.

वाटेत गप्पा निघाल्या त्या उतरण्याच्याच. त्या मुलीने हसत हसत एक गोष्ट सांगितली. मागल्या वर्षी ती आणि दोन मैत्रिणी परीक्षेसाठी एका गावी गेल्या होत्या. एका घरगुती लॉजवर फोनवरून खोली ठरली. मालकांनी पूर्ण नावे विचारली, तिघींनी सांगितली. दारात गेल्यावर कळले की खोली "आत्ताच गेली". दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत वर्गातल्या दुसऱ्या मुली उतरलेल्या दिसल्या. "आडनाव जरा लांब झालं असेल, दारातून जाईना!" असे म्हणून ती हसली. आमची मुलगी हसली नाही. मी खिडकीबाहेरची शेते पाहू लागलो.

तेरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. ढेळजेतून आत गेलो, पायांवर पाणी घेतले. घर जुने, माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : भक्कम लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर मातीचा जाड थर, आणि ती सपाट धाबी म्हणजे घराची दुसरी खोली. उन्हाळ्यात खाली गारवा आणि रात्री वर अंथरुणे. ही माती साधी नव्हे, पांढरी चिकण माती लागते. ती कोठून आणलीत, असे मी विचारले, तर घरातल्या आजी म्हणाल्या, "आणायची कुठनं? आमच्या सासऱ्यानं म्हाताऱ्या टेकाडाचीच आणली की." म्हणजे जे तगर पायाखाली आहे म्हणून आम्ही एवढ्या लांबून आलो, तेच यांनी खोऱ्याने उचलून डोक्यावर घेतले होते, आणि आज रात्री आम्ही त्याच्यावर पथारी पसरणार होतो!

ज्वारीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण झाले. आम्ही माळवदावर चढलो. वीज गेली होती, त्यामुळे आकाश फुकट मिळाले. आजी वाकळांचा गठ्ठा घेऊन शिडी चढून वर आल्या. एकेकीला वाकळ देताना त्यांनी चौकशी आरंभली. कवा निघालाव, वाटेत काय खाल्लं, किती शिकता. मग त्या मैत्रिणीपाशी आल्या.

"तुझं आडनाव काय गं बाय?"

सगळे गप्प झाले. मुलीने सरळ सांगितले. कोणते ते येथे सांगण्याची गरज नाही. जे समजायचे ते आजींना समजले. त्या क्षणभर थांबल्या. तो क्षण किती लांब होता हे मला सांगता येणार नाही, पण त्या मुलीने तो नक्की मोजला असेल. मग त्यांनी गठ्ठ्यातली दाट टाक्यांची वाकळ काढली आणि म्हणाल्या, "ही घे. पहाटं गार पडतंय. कडंला झोपू नगंस, कठडा न्हाई तिकडं."

आणि त्या खाली गेल्या.

मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. तेरच्या मातीत घडलेली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट हीसुद्धा पाहुण्यांचीच आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी उतरली होती. मुक्ताबाईने कुंभाराचे थापटणे पाहून विचारले की हे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते पारखायला, असे उत्तर मिळाले. मग आमची मडकीही पारखा, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळ्यांनी सोसले, नामदेव तेवढे रागावले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे. शाळेपासून आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो. त्या रात्री ती मला यजमानाची कथा वाटली. परीक्षा काकांनीही घेतली, पण आधी सर्वांना घरात घेतले, जेवू घातले आणि मग घेतली. पारखायचे होते ते माणसाचे कच्चेपण. त्याचे कूळ त्यांना ठाऊक असून नसल्यासारखे होते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी थापटणे उंबऱ्यावरच टांगलेले असते.

सकाळी चहा घेताना ती मुलगी म्हणाली, "काका, इथून कसबे तडवळे जवळ आहे ना? तिथली शाळा बघायची आहे." तडवळे हे त्याच बार्शी लाइटच्या वाटेवरचे गाव. फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि तिच्यासाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर गावच्या शाळेत उतरले होते. आम्ही गेलो. साधी शाळा. मुलगी बराच वेळ उभी राहिली, मग तिने भिंतीला हात लावला.

बाबासाहेबांचा १९१७ मधला बडोद्याचा मुक्काम वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. परदेशात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीवर रुजू होणारा हा विद्वान; पण बडोद्यात त्यांना कोठे उतरता येईना. अखेर एका पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दारात आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दिवसभर ते एका सार्वजनिक बागेत बसून होते. शहरात घरे हजारो होती. हे आठवले म्हणजे तडवळ्याच्या त्या शाळेच्या खोलीची किंमत कळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंढरपूरला वारकऱ्यांच्या मठांतून आणि धर्मशाळांतून लाखो लोक उतरतात. तेथे गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती ज्यांना इतरत्र ओवरीही मिळत नव्हती त्यांच्यासाठी. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः हा माणूस फुटक्या मडक्यात भाकरी खाई, आणि लोकांसाठी पक्की छपरे उभारी. गोरोबांनी हे मडके वाजवून पाहिले असते तर आवाज खणखणीत आला असता.

तेव्हा मंडळी, सुट्टीत शहर पाहायला जाल तेव्हा एक तरी रात्र वेगळ्या ठिकाणी उतरा. तुळजापूरला जाल तर पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची जुनी रीत अजून आहे. पंढरीला मठात जागा विचारा. मराठवाड्यात कोणाचे माळवद शाबूत असेल तर उन्हाळ्यातली एक रात्र तेथे काढा. माळवदे पाडून स्लॅब टाकणे जोरात चालू आहे, ही संधी फार वर्षे राहणार नाही. न्हाणीघर अंगणापलीकडे असेल, उशी दगडासारखी असेल, पहाटे कोंबडा उशाशी आरवेल. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कोठे" ही म्हण ध्यानात ठेवून दुसऱ्या दिवशी निघावे हे बरे.

मात्र जागा ठरविताना आपण पाणी, पंखा, गाडी लावायची सोय असे दहा प्रश्न विचारतो, त्यांत अकरावा घाला : तुमच्याकडे कोणीही उतरू शकते ना? उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला, तर पुढे चला, मग आपले आडनाव तेथे कितीही चालणारे असो. आणि हाच प्रश्न आपल्या घराच्या रिकाम्या खोलीबद्दल, भाड्याने द्यायच्या ब्लॉकबद्दल कोणी आपल्याला विचारला, तर आपण किती अडखळतो तेही पाहा. आमच्या घरी तेरहून आल्यावर हा विषय दोन दिवस चालला होता. मागची खोली रिकामी आहे, आणि भाडेकरूंची आडनावे विचारण्याची आमचीही पिढीजात पद्धत आहे. ती मोडायची असे ठरले आहे.

निघताना आजींनी सौ.ची ओटी भरली. पैशांचे नाव काढल्यावर त्यांनी असे पाहिले की मी पाकीट परत खिशात घातले. दोघी मुलींच्या हातांत त्यांनी शेंगांची एकेक पुरचुंडी दिली. मी मास्तर माणूस, नजर गेलीच. दोन्ही सारख्याच होत्या.