कोळ्याचे बिऱ्हाड

पोपट पिंजऱ्यात आणि मासा काचेच्या पेटीत ठेवण्याची हौस जुनी आहे. हल्ली ती कोळ्यापर्यंत येऊन ठेपली आहे. टॅरेंटुला म्हणजे केसाळ, बहुधा बिळात राहणारा कोळी. त्यातही शेजाऱ्याने ज्याचे नाव ऐकलेले नाही असा ठेंगणा, धड बोटाच्या दोन पेरांएवढे, आपल्या टेबलावर असावा, असे शहरांतल्या काही तरुण मंडळींना वाटू लागले आहे. तशी एक मागणी गेल्या पावसाळ्यात आमच्या नागभीडपर्यंत पोहोचली. "तुमच्याकडे जंगल आहे, एखादा पाठवा की!" जणू मोहफुलेच मागितली! मी साफ नकार दिला. आणि तो का दिला हे चारचौघांत सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रतिपक्षावर अन्याय करायचा नाही. ही मंडळी क्रूर नसतात. चार बोटे ओलसर माती, वर सालीचा तुकडा, बाटलीच्या टोपणात पाणी, आठवड्याला एकदोन रातकिडे, आणि कात टाकताना मुळीच हात लावायचा नाही, सगळे व्यवस्थित. कित्येक घरांत सासूबाईंचीही एवढी बडदास्त राहत नसेल! माझा वाद पेटीशी नाही, पेटीत येणारा प्राणी कोठून आणला याच्याशी आहे.

पावसाळ्यात जो कोळी वाटेवर हिंडताना सापडतो, तो बहुधा वयात आलेला नर असतो. मादीच्या शोधात तो बीळ सोडून निघालेला असतो आणि त्याच्या आयुष्याचे फार दिवस उरलेले नसतात. त्याला पेटीत घातला की काही महिन्यांत पेटी रिकामी होते, आणि ज्या बिळाशी तो जायचा तेथे तो पोहोचतच नाही. मादी हवी असेल तर बीळ खणावे लागते. रेशमी अस्तर लावलेले, वर्षानुवर्षे राबता असलेले ते घर असते. या जातकुळीतल्या बऱ्याच कोळ्यांची पिले आईच्या आसपासच बिळे करतात. तेव्हा एका दरडीवर चार कुदळी मारल्या की एक कोळी नव्हे, एक वाडीच उठते.

आणि ठेंगण्यांविषयी आपल्याला माहिती तरी किती? पोकॉकसाहेबाने 1900 साली हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांचा जाड ग्रंथ लिहिला. त्याच साली पुण्याच्या एका छोट्या कोळ्याला त्याने प्लेसिओफ्रिक्टस सेरिसियस, म्हणजे रेशमी, असे नाव दिले. नाव ठेवून सव्वाशे वर्षे झाली, पण पुण्याच्या किती घरांत ते ठाऊक आहे? अशा प्राण्याला स्थळाची नोंद न करता उचलणे म्हणजे जुन्या दप्तरातले एकुलते एक पान फाडून त्याची होडी करणे होय.

यावर ठरलेले उत्तर येते: "आम्ही पेटीत पैदास करतो, म्हणून जात वाचते." मग गुत्तीची हकीकत ऐका. आंध्रातले गुत्ती आमच्या नागभीडसारखेच रेल्वेचे जंक्शन. तेथल्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या निळ्याशार कोळ्याचे वर्णन पोकॉकनेच 1899 मध्ये केले. त्यानंतर थेट 2001 साली तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या रानात पुन्हा आढळला. आज युरोप-अमेरिकेत त्याची पिले पेट्यांतून विकली जातात. रानात मात्र 2008 साली त्याची गणना अत्यंत धोक्यात आलेल्या जातींत झाली. परदेशातल्या हजार पेट्यांनी त्या रानातले एक पोकळ झाडही वाचवलेले नाही. शेवटी 2019 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत त्याच्या सबंध कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. जात वाचली म्हणायचे, की नुसता माल शिल्लक राहिला?

आमच्या घोडाझरीला 2018 साली अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या हद्दीतून परवानगीवाचून वन्यजीव उचलणे हा गुन्हा आहे, मग तो वाघ असो की कोळी. पण हद्दीबाहेरच्या दरडीचे काय? तेथे पहारेकरी नाही, तेथे आपणच.

राहता राहिला मुलांचा मुद्दा. मुलांना घरबसल्या निसर्ग कळतो, असे म्हणतात. पेटीतला कोळी दिवसचे दिवस मातीत दडून बसतो. मूल दोन दिवस काच ठोकते आणि तिसऱ्या दिवशी मोबाइल उचलते. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने 1974 पासून झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या बिळांशेजारी खुणा रोवल्या आणि वर्षामागून वर्षे त्यांची विचारपूस केली. त्यांतली सोळा नंबरची मादी 43 वर्षे एकाच बिळात नांदली. 2016 साली परोपजीवी गांधीलमाशीने तिच्या झाकणाला भोक पाडल्याचे आढळले. ती मादी टॅरेंटुला नव्हे, त्यांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी; पण असे पाळणे मला मान्य आहे!

त्याला खर्च काहीच नाही. दिवाळीच्या सुटीत मुले गावी येतील, तेव्हा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर किंवा मुरमाच्या दरडीला रेशमी अस्तराचे बीळ शोधा. अशी सगळीच बिळे टॅरेंटुलाची नसतात, नसेनात का! शेजारी नंबर घातलेली खुंटी ठोका आणि वहीत तारीख लिहा. दिवसाउजेडी जा, मोठे माणूस बरोबर असू द्या, पायांत बूट असू द्या आणि बिळात बोट घालू नका. साप तशाच जागी असतात. झुडपी जंगलाकडे तर पाऊलही नको, तो वाघाचा मुलूख. धुरा जेसीबीने सपाट करायची टूम कोणी काढली, तर आजोबांना खुंटीवरचा नंबर दाखवा. आणि कोळी मागणाऱ्या मंडळींना नागभीडचे तिकीट काढायला सांगा. त्यांच्यासाठीही एक खुंटी काढून ठेवतो.