घाटावरचा मका आणि घाटाखालचे इथेनॉल

शहाद्याहून धडगावकडे निघाले की घाट लागताच तापीकाठच्या उसाचे पट्टे मागे राहतात आणि उतारावरचा, पावसाच्या भरवशावरचा मका दिसू लागतो. नंदुरबार जिल्ह्यातील ऊस आणि मका ही दोन्ही पिके आज इथेनॉलचा कच्चा माल आहेत. मात्र या दोन शेतकऱ्यांच्या नशिबात घाटाएवढेच अंतर आहे.

जैवइंधनाचे स्वप्न आपल्याला नवे नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचा पुरस्कार केला. पडीक जमिनीत तगणारे, गुरे न खाणारे हे झुडूप कोरडवाहू शेतकऱ्याचे दैन्य फेडील, असे वातावरण निर्माण झाले. १ जानेवारी २००६ पासून जैवडिझेलला लिटरमागे २५ रुपये दर जाहीर झाला. त्यात उत्पादनखर्चही निघेना. झुडूप जगले, पण पाणी-खताविना बी धरेना. जगणे आणि पिकणे यांतला फरक कोणाही शेतकऱ्याने सांगितला असता; त्याला विचारले कोणी?

आता इथेनॉलची पाळी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे २०३० सालचे उद्दिष्ट आपण २०२५ मध्येच गाठले, ही निश्चितच अभिमानाची गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि मक्याला एकाएकी महत्त्व चढले. क्विंटलभर मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते. २०२४-२५ साठी त्याचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता. म्हणजे क्विंटलमागे २,७०० रुपयांहून अधिक. उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो तो वेगळाच. २०२५-२६ च्या हंगामात मक्याचा हमीभाव २,४०० रुपये ठरला, तरी अनेक बाजारांत भाव त्याच्या बराच खाली राहिला.

असे का व्हावे? ऊस उत्पादकाच्या पाठीशी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. तो बहुधा कारखान्याचा सभासदही असतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या वनवासी शेतकऱ्याला यातले काहीच नाही. डिस्टिलरीला तो ठाऊक नाही आणि त्याला डिस्टिलरी. मधला व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो. हमीभावाला १४ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, आणि काढणीनंतर डोंगरात मका वाळवायला जागा कोठे आहे? सगळाच मका विकावा असेही नाही. भाकरीपुरता घरात राहिलाच पाहिजे. प्रश्न उरलेल्या पोत्यांचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ यांच्यामार्फत हमीभावाने मका घेऊन डिस्टिलऱ्यांना पुरवण्याची योजना काढली. वाट योग्य आहे, पण ती घाट चढली पाहिजे. आदिवासी विकास महामंडळ वनवासी भागात धान्यखरेदी करतेच. पेरणीपूर्वीच डिस्टिलरीशी लेखी करार, १४ दिवसांत पैशांची अट आणि मोलगीला एक वाळवणीचा ओटा व वजनकाटा, एवढे महामंडळाने येत्या खरिपात करून दाखवावे.